तांबेकाकांची पाच मिनिटं

हॉस्पिटलात कुणाला भेटायला जाताना लोक शहाळं नेतात, सफरचंदं नेतात, फारच जवळचे असले तर घरून पेज नेतात. आमच्या सोसायटीतले तांबेकाका भिंतीवरचं घड्याळ न्यायचे.

घड्याळ परातीएवढं आहे. पांढरी तबकडी, बोटभर जाडीचे काळे आकडे. ते कापडी पिशवीत पूर्ण मावत नाही, त्यामुळे बाराचा आकडा कायम पिशवीच्या तोंडातून बाहेर डोकावत असायचा. त्याच पिशवीत एक हातोडी, दोन-चार खिळे, रोज पान फाडायची दिनदर्शिका आणि चष्म्याला बांधायच्या दोऱ्या असायच्या. मीरा रोडच्या आमच्या भागात जी तीन-चार खासगी हॉस्पिटलं आहेत, त्यांच्या गेटवरचे सगळे वॉचमन त्यांना ओळखतात. नवा वॉचमन असला तर तोच तो संवाद व्हायचा.

"चाचा, ये क्या है?"

"घडी."

"अंदर घडी का क्या काम?"

"तुम्हारे हाथ में है ना? फिर पेशंट ने क्या गुन्हा किया?"

वॉचमन आपल्या मनगटाकडे पाहायचा. काका तोवर लिफ्टपाशी पोहोचलेले असायचे.

तांबेकाकांचं वय शहात्तर. मूळचे रत्नागिरीकडचे, हयात लालबागला गेली, निवृत्तीनंतर इकडे सी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. एका कारखान्यात ते चौतीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार गेटमधून आत आला की त्याच्या कार्डावर वेळ पडते की नाही हे पाहायचं, उशीर झाला तर लाल शाईनं नोंद करायची, हे काम. कारखाना बंद पडला, यंत्रं गेली, छपराचे पत्रे गेले. गेटवरचं घड्याळ भंगारात निघालं होतं, ते काकांनी मागून घेतलं. आतली चावीची यंत्रणा निकामी झाली होती. तिथे त्यांनी सेलवर चालणारी बसवून घेतली.

या घड्याळाची एक खोड होती. ते पाच मिनिटं पुढे असायचं. बिघडलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं. कारखान्यात तसा रिवाज होता. गेटवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायचं, म्हणजे माणसं वेळेवर यंत्रापाशी पोहोचतात. साहेबांना हे माहीत होतं, कामगारांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. कारखाना बंद झाला तरी काकांनी हा रिवाज सोडला नाही. त्यांचं मनगटी घड्याळही पाच मिनिटं पुढे आणि त्यांचं आवडतं वाक्यही तेच: "पाच मिनिटं हाताशी असलेली बरी."

एकदा प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाची जबाबदारी सेक्रेटरींनी त्यांच्यावर सोपवली. वेळ आठची होती. आठला पाच कमी असताना ध्वज फडकला आणि काका, वॉचमन, दूधवाला असं तिघांनी राष्ट्रगीत म्हटलं. बरोबर आठला इस्त्रीचे कपडे घालून खाली उतरलेल्या सभासदांना काका पेढा देऊन म्हणाले, "उशीर झाला तुम्हाला."

सोसायटीत त्यांना तोंडावर बोलणारी एकच व्यक्ती होती. माझी आई, वय ब्याऐंशी.

"तांबे, तुमचं घड्याळ खोटं बोलतं."

"खोटं नाही वहिनी, आधी बोलतं."

"आधी बोललेलं खोटंच असतं. वेळ झाल्यावर ते खरं होतं, तोवर नाही."

हा वाद गेटजवळच्या सिमेंटच्या बाकांवर चालायचा. तिथे रोज संध्याकाळी साडेपाचला सोसायटीतली चौदा वयस्क माणसं बसतात. काकांनी प्रत्येकाचं पुठ्ठ्याचं हजेरी कार्ड केलं आहे. जो येईल त्याच्या कार्डावर ते तारखेसमोर टिंब काढतात. दोन दिवस टिंब नसेल तर तिसऱ्या दिवशी त्या घराची बेल वाजते. दारात काका असतात. "गैरहजेरीचं कारण?" असं विचारतात. सुनांना हे आवडत नाही. एक सून म्हणाली होती, "काका, आमच्या बाबांना काही झालं तर आम्ही सांगू ना." काका म्हणाले, "झाल्यावर सगळेच सांगतात."

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांनी मला लिफ्टपाशी अडवलं. मी वर्तमानपत्रात काम केलं असल्यामुळे ते मला 'बातमीदार' म्हणतात.

"बातमीदार, वहिनींना लिफ्टपासून बाकापर्यंत यायला पूर्वी दोन मिनिटं लागायची. आता साडेतीन लागतायत."

"वय झालंय काका."

"वय दोन महिन्यांत दीड मिनिटानं होत नाही. आणि बाकावरून उठताना आता हात टेकतायत. लक्ष ठेवा."

मी बरं म्हटलं आणि विसरून गेलो. दिवाळीनंतर आईला ताप आला, धाप लागली आणि सोमवारी सकाळी तिला हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. न्यूमोनिया होता.

औषधं वेळेवर मिळत होती. ताप तिसऱ्या दिवशी उतरायला लागला. त्याच दिवसापासून आई आई राहिली नाही. मला बाळू म्हणायला लागली. बाळू हा तिचा धाकटा भाऊ, तो जाऊन वीस वर्षं झाली. समोरच्या भिंतीवर कुणीतरी माणूस उभा आहे, असं म्हणायची. सलाईनची सुई दोनदा उपटली, तेव्हा तिचा उजवा हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधला गेला. मी राउंडवरच्या तरुण डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एज आहे ना सर, होतं असं." मी मान हलवली. जे मी काकांना म्हटलं होतं, तेच ते मला म्हणत होते.

वॉर्डात दहा खाटा होत्या. खिडकीच्या काचांना काळी फिल्म लावलेली, ट्यूबलाइट चोवीस तास चालू. आत बसलं की सकाळ आहे की संध्याकाळ, हे मलाही मोबाइल काढल्याशिवाय कळत नव्हतं. आईचा चष्मा खणात पिशवीत होता. कवळी हरवेल म्हणून मीच घरी नेऊन ठेवली होती.

गुरुवारी चारला, भेटीच्या वेळेला, काका वॉर्डात आले. म्हणजे त्यांच्या चारला. खरे तीन पंचावन्न झाले होते. त्यांनी खाटेसमोरच्या भिंतीवरचं औषध कंपनीचं जुनं कॅलेंडर उतरवलं आणि त्याच खिळ्यावर घड्याळ टांगलं. खण उघडून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, दोरी बांधून आईच्या डोळ्यांवर चढवला. दिनदर्शिकेची मागची पानं फाडून गुरुवार वर आणला. मग स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला बसले.

"वहिनी, आज गुरुवार. दुपार आहे. तुम्ही मीरा रोडला हॉस्पिटलात आहात. छातीत कफ झाला होता, तो उतरतोय. मी तांबे."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. म्हणाली, "किती वाजले?"

काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "चार वाजून बारा."

मिनिटभरानं तिनं पुन्हा विचारलं. काका म्हणाले, "चार तेरा." पुन्हा विचारलं. "चार चौदा." मी मोजलं. भेटीची वेळ संपेपर्यंत तिनं एकोणतीस वेळा वेळ विचारली. काकांनी एकोणतीस वेळा भिंतीकडे पाहून सांगितली, पहिल्यांदाच विचारल्यासारखी. मी तिसऱ्या वेळेनंतर उठून, ऐकू येईल इतक्या अंतरावर चकरा मारत होतो.

वॉचमन उठवायला आला तेव्हा काका मला म्हणाले, "कवळी कुठाय?"

"घरी."

"माणूस इथं, दात घरी. काय खाणार त्या? उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, डॉक्टर फरहीन आल्या. वयस्कांच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. या हॉस्पिटलात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी यायच्या. वय पस्तिशीचं, मराठी स्वच्छ, मध्येच हिंदी. त्यांनी आधी आईच्या हाताची पट्टी सोडली. मग औषधांचा कागद वाचून झोपेची गोळी खोडली. लघवीची नळी अजून का ठेवली आहे, असं सिस्टरना विचारलं. नीट कारण मिळालं नाही, तेव्हा काढायला सांगितली. मग भिंतीकडे पाहिलं.

"हे घड्याळ कुणी लावलं?"

सिस्टर घाईनं म्हणाल्या, "पेशंटच्या शेजारचे काका आहेत मॅडम. मी आत्ता काढायला लावते."

"नको. बाकीच्या वॉर्डात का नाहीये, ते सांगा."

मला त्यांनी खुर्चीवर बसवून समजावलं. आईला वेड लागलेलं नाही. अशक्त वयस्क माणसाला ताप, नवी जागा, चष्मा नाही, झोप नाही, पलंगावरून उठणं नाही, हे सगळं एकदम झालं की मन भरकटतं. बहुतेकांचं परत येतं, पण त्याला रस्ता लागतो. "आणि पाय विसरू नका. आज खुर्चीत बसवायचं, उद्या चार पावलं. झोपून राहिल्या तर न्यूमोनिया बरा होईल आणि आजी चालायच्या थांबतील."

"परत येईल ना?" मी विचारलं.

"मंगळवारी बघू," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

शनिवार, रविवार, सोमवार. काका रोज आले. रोज पान फाडलं, रोज वार सांगितला. आईनं कवळी घालून मऊ भात खाल्ला. दोघांच्या आधारानं खुर्चीपर्यंत गेली. पण बाळूच म्हणत होती.

याच तीन दिवसांत वॉर्डात भलताच गोंधळ सुरू झाला. नातेवाइकांना वेळेआधी बाहेर काढतात, अशी तक्रार ऑफिसात गेली. औषधं कागदावरच्या वेळेआधी दिल्याची कॉम्प्युटरमध्ये नोंद सापडली. वॉर्डातल्या मावशी दुपारची पाळी संपायच्या आत निघून जातात, म्हणून बदलीवर येणारी बाई भांडली. मावशी इथल्याच गोडदेव गावच्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माजी काय चूक न्हाय. भिंतीव आठ वाजलं व्हतं, मी गेले. घड्याल हाय का शोभेला?"

सिस्टरनी कॉम्प्युटरची वेळ चुकली असेल म्हणून माणूस बोलावला. तो काहीतरी करून गेला. परातीएवढ्या, कारखान्यातून आलेल्या घड्याळावर संशय कुणी घेतला नाही. मला खरं माहीत होतं. मी गप्प राहिलो, कारण ते घड्याळ उतरवलं जावं असं मला वाटत नव्हतं.

मंगळवारी डॉक्टर फरहीन आल्या. आई खुर्चीत होती, चष्मा लावलेला, केस विंचरलेले. काका स्टुलावर, सिस्टर शेजारी. डॉक्टरांनी वार विचारला. आईनं दिनदर्शिकेकडे पाहून "मंगळवार" म्हटलं. मग विचारलं, "आजी, किती वाजले?"

आईनं भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चार."

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टर हळूच म्हणाल्या, "नीट बघा आजी. मोठा काटा कुठाय?"

"नीटच बघतेय. मोठा काटा एकावर आहे. घड्याळ चार पाच सांगतंय." ती थांबली, काकांकडे वळली. "पण ते तांब्यांचं आहे. म्हणजे चारच वाजले असणार."

डॉक्टरांनी मोबाइल काढला. चार वाजले होते.

सिस्टर काकांकडे वळल्या. "म्हणजे तीन दिवस हे सगळं तुमच्यामुळे?" आणि दाराशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "बोलले न्हाय मी?" डॉक्टर फरहीन केस पेपरवर लिहीत होत्या. मी नंतर ते वाचलं. रुग्णाला वार व वेळ सांगता येते, असं लिहून पुढे लिहिलं होतं: वॉर्डातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असल्याचं रुग्णानं ओळखलं.

आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू असा का उभा आहेस? बस ना." मग माझं नाव घेतलं. माझं.

डॉक्टर पेन खिशात ठेवून काकांना म्हणाल्या, "काका, आजींना तुमचं घड्याळ माहितीये. बाकीच्या नऊ जणांना कसं कळणार? त्यांना खरी वेळ द्यायला हवी."

चौतीस वर्षं आणि वर निवृत्तीची वर्षं, एवढा काळ त्या घड्याळाचे काटे पाच मिनिटं पुढे होते. काका स्टुलावर चढायला लागले. मी त्यांना खाली उतरवून घड्याळ काढून दिलं. काटे मागे फिरवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घड्याळ मांडीवर पालथं घेतलं आणि सेल काढला.

"काटे मागे नसतात फिरवायचे," ते म्हणाले. "थांबवायचं. वेळ आपोआप येते."

सेल तळहातावर ठेवून, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत ते पाच मिनिटं बसून राहिले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या, सिस्टर मागोमाग. आईचा डोळा लागला होता. त्या पाच मिनिटांत काकांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी सोसायटीत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सुलभाकाकू, त्यांची पत्नी, मी पाहिल्या नव्हत्या. लालबागला असतानाच त्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. वॉर्डाला खिडकी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्या वेळ विचारायला लागल्या.

"दिवसभर सांगितली," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी म्हटलं, आत्ताच सांगितलं ना, किती वेळा विचारशील, झोप. अख्ख्या कारखान्याला वेळ सांगायचो मी. तिला म्हटलं झोप."

"मग?"

"मग तिनं विचारायचं बंद केलं. मला वाटलं, बरी झाली. सिस्टरपण म्हणाल्या, आजी आता शांत झाल्या, छान." त्यांनी सेल या हातातून त्या हातात घेतला. "जेवण सोडलं. उठवलं तर उठेना. घरी आणली ती उचलूनच. हाड जुळलं होतं. अडीच महिन्यांनी गेली. बोलली नाही शेवटपर्यंत फारसं. या डॉक्टरबाईंना विचारलं मी शुक्रवारी. म्हणाल्या, ओरडणारा पेशंट लक्षात येतो काका, गप्प झालेला आम्हाला सोयीचा वाटतो."

त्यांनी मनगट पाहिलं, सेल बसवला, घड्याळ सरळ केलं. सेकंदकाटा चालू झाला. "घ्या. लावा. आता खरं आहे."

आई त्यानंतर आठ दिवसांनी वॉकर धरून, पण स्वतःच्या पायांनी घरी आली. लिफ्टपासून बाकापर्यंत तिला आता पाच मिनिटं लागतात. काका म्हणतात, चालतील.

घड्याळ हॉस्पिटलातच राहिलं. डॉक्टर फरहीननी मागून मागून त्याच मजल्यावरचा एक कोपरा वयस्कांसाठी मिळवला. सहा खाटा, खिडकीच्या काचांची फिल्म खरवडून काढलेली, प्रत्येक खाटेशी हाताची खुर्ची, भिंतीवर काकांचं घड्याळ. सकाळी अकराला ज्यांना शक्य आहे, त्या सगळ्यांना खुर्चीत बसवायचं, चष्मा आणि कवळी आधी, औषध नंतर, असा तिथला नियम आहे. अकरा वाजले की मावशी ओरडतात, "चला, घड्यालानं सांगितलंय." काका आठवड्यातून एकदा जाऊन वेळ तपासून येतात. घड्याळ खरं दाखवतंय ना, हे बघायला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आई साडेपाचला बाकावर जायची तयारी करत मला म्हणाली, "तांबे दोन दिवस गैरहजर आहेत. जाऊन बघ."

मी त्यांच्या घरी त्याआधी कधी गेलो नव्हतो. तेच लोकांच्या घरी यायचे. दार त्यांनी उघडलं. अंगात स्वेटर होता. सर्दीताप झाला होता, पण उतरला होता. खोली नीटनेटकी, एक खुर्ची, एक पलंग, टेबलावर चौदा हजेरी कार्डं. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता आणि त्याच्याभोवती परातीएवढं गोल, जरा उजळ रंगाचं. घरात दुसरं घड्याळ नव्हतं. मनगटावरचंही नव्हतं. ते दुरुस्तीला दिलं होतं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"पाच वाजून दहा."

मी चहा करायला गेलो. डबे सापडायला वेळ लागला. चहा घेऊन आलो तेव्हा ते खिळ्याकडे पाहत होते.

"किती वाजले?"

"पाच अठरा."

त्यांनी चहा घेतला. डॉक्टर फरहीनना उद्या दाखवू, असं मी म्हटलं. त्यांनी बरं म्हटलं. आईच्या कार्डावरची टिंबं मला दाखवली, ती हॉस्पिटलातून आल्यापासून ते स्वतः आजारी पडेपर्यंत एकही दिवस चुकलेला नाही. मग कप खाली ठेवला.

"किती वाजले?"

मी मोबाइल काढून पाहिलं. "पाच वीस."

"खरे?"

"खरे."

त्यांनी मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले.

"म्हणजे आपल्या घड्याळात पाच पंचवीस," ते म्हणाले. "मग पाच मिनिटं हाताशी आहेत. बसा."